ठेच्यातला कालविपर्यास

प्रश्न असा आला आहे: गावच्या नाटकात सुलतानाच्या मनगटावर घड्याळ दिसलं. अशा चुकीला मराठीत काय म्हणायचं? 'अवकाळी घड्याळ' चालेल का?

नाही चालणार. अवकाळी हा शब्द पावसानं बळकावलाय. इकडे जळगाव-रावेरकडे तर तो आता नामच झालाय. 'अवकाळीनं केळी आडवी केली' म्हटलं की पुढे पाऊस हा शब्द लागतच नाही. मरण आणि म्हातारपण मात्र अकाली, पाहुणा अवेळी. शिवाय अवकाळीत तक्रार आहे. मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी पावसाआधीचीच असते, पण ती मुद्दाम लावलेली, म्हणून तिला म्हणायचं पूर्वहंगामी.

या सगळ्यांत ती गोष्टच भलत्या वेळी येते. सुलतानाचं घड्याळ बिचारं बरोबर चालत होतं. काळ चुकला तो नाटकवाल्यांचा. त्यासाठी शब्द आहे कालविपर्यास. विपर्यास म्हणजे उलटापालट. पण 'माझ्या विधानाचा विपर्यास केला' हे पुढाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यात खोडसाळपणाचा वास येतो. म्हणून बोलताना मी कालविसंगती म्हणतो, लिहिताना कालविपर्यास. काही जण इथे कालबाह्य वापरतात, ते चूक. कालबाह्य म्हणजे जिचा काळ सरून गेला ती वस्तू. इथे तर वस्तूचा काळ अजून यायचाय.

घड्याळ निदान सगळ्यांना दिसतं. खरी गंमत न दिसणाऱ्या चुकांत. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ला हुतात्मा झाला. 'तेव्हाच्या नंदुरबार जिल्ह्यात' असं कुणी लिहिलं तर आपण सहज वाचून पुढे जातो. पण तो जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. तेव्हा होता पश्चिम खानदेश.

आमच्या मंडळाच्या नाटकातलाच एक नमुना. स्थळ थाळनेर, काळ खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या मलिक राजाचा, म्हणजे चौदाव्या शतकाची अखेर. शिपाई तापीकाठी जेवायला बसतो. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, कांदा आणि हिरवागार ठेचा, वर शेंगदाण्याचा कूट. आता मिरची काय, शेंगदाणा काय, दोन्ही मूळचे अमेरिकेतले. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ला. मिरचीला आपण नावसुद्धा आधीच्या मिरीवरून दिलं. पण खानदेशी शिपाई ठेच्याशिवाय जेवला असेल, हे तालमीत कुणाला पटेना! दिग्दर्शक म्हणाला, "मग काय मिरं कुटून वाढू?" शेवटी ठेचा काढला. कळण्याची भाकरी आणि कांदा तेवढा ठेवला.