डिसेंबरात पाच दिवसांत जर्मनीतलं वाइनचं खोरं आणि ख्रिसमस मार्केट, दोन्ही जमेल का? यादीत न्युरेंबर्ग आणि म्युनिकही आहेत. गाडी चालवायची नाही.

आरामात जमेल. फक्त तुमच्या यादीतलं न्युरेंबर्ग आणि म्युनिक काढून टाका. शहरं सुंदर आहेत, पण पाच दिवसांत तिथवर गेलात तर बराच वेळ प्रवासातच जाईल. सरळ मोझेल नदीच्या खोऱ्यात जा आणि ट्रिअरमध्ये मुक्काम करा. मी फ्रँकफर्टजवळ राहतो आणि डिसेंबरात भारतातून पाहुणे आले की त्यांना आग्रहाने तिकडेच नेतो.

फ्रँकफर्ट विमानतळावरूनच कोब्लेन्झची रिजनल (राज्यांतर्गत धावणारी, जास्त थांबे घेणारी) रेल्वेगाडी मिळते. वेगवान गाडीच्या मोहात पडू नका, कारण बिंगेननंतर ही गाडी ऱ्हाइनला अगदी चिकटून जाते. उजवीकडची खिडकी पकडा. काउबला नदीच्या मधोमध उभा असलेला किल्ला दिसतो, मग लोरेलायचा कडा. कोब्लेन्झला गाडी बदलून ट्रिअर.

द्राक्षांचे मळे मात्र डिसेंबरात उघडेबोडके असतात, नुसते खुंट आणि काळसर स्लेटचा दगड. मला ते तसेच आवडतात. पानं नसल्यामुळे उतार किती उभा आहे आणि माणसं तिथे कशी राबत असतील, ते तेव्हाच कळतं. कुठे जाळीखाली द्राक्षं राखलेली दिसली तर ती बहुतेक आइसवाइनसाठी. पारा उणे ७ पर्यंत उतरला की अंधारातच गोठलेले घड तोडून तसेच पिळतात.

एक दिवस ट्राबेन-ट्रारबाखला द्याच. बुलायला उतरून छोटी गाडी मिळते. १९००च्या सुमारास वाइनच्या व्यापारात हे गाव बोर्दोच्या खालोखाल गणलं जायचं. त्या काळच्या दगडी तळघरांत इथलं मार्केट भरतं. बाहेरच्या गारठ्यातून आत शिरताच चष्म्यावर वाफ धरते आणि दालचिनी-लवंगेचा वास येतो. ते रोज उघडं नसतं, त्यामुळे वार आधी बघून ठेवा. तिथून बसने बेर्नकास्टेल गाठा. चौकाजवळचं १४१६चं लाकडी सांगाड्याचं घर खाली अरुंद आणि वर रुंद आहे.

ग्लूवाइन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, मागताना ‘विन्झरग्लूवाइन’ मागा, म्हणजे मळेवाल्यांनी स्वतःच्या वाइनची केलेली. पांढरी मिळाली तर तीच घ्या. मगाची अनामत रक्कम वेगळी लावतात. तो मग परत केला की ती मिळते, आवडला तर घरी न्या. दारू नको असेल तर किंडरपुन्श आहे. शाकाहारींसाठी बटाट्याच्या किसाचं थालीपीठ म्हणावं असं रायबेकुखेन मिळतं, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर. त्यात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या. थोडी रोख रक्कमही जवळ ठेवा.

तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या घ्या, तेही सोमवार ते शुक्रवार. शनिवारी गर्दीत मग धरून उभं राहायलाही जागा मिळत नाही. बहुतेक मार्केटं २२-२३ डिसेंबरला आवरतात, आणि २४च्या दुपारनंतर जवळपास सगळंच बंद होतं. साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे मळे सकाळी आणि मार्केट संध्याकाळी. ट्रिअर आणि ही गावं ज्या राज्यात आहेत, त्या राज्यात फिरायला ऱ्हाइनलांड-फाल्झ तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर रिजनल गाड्या चालतात, कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरसाठी अपॉइंटमेंट सप्टेंबरमध्येच घ्या. आणि एखाद्या मळेवाल्याकडे बसून रिस्लिंग ही इथली पांढरी वाइन चाखायची असेल तर आधी फोन करा. हिवाळ्यात ते दार उघडं ठेवून बसत नाहीत, पण वेळ ठरवून गेलात तर तळघरही दाखवतात.