कोयासानला जाण्याआधी

प्रिय,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण खरा प्रश्न एकच आहे आणि तो तू शेवटी, घाईघाईत लिहिला आहेस. जपानमधल्या कोयासान डोंगरावर, होम करणाऱ्या, मंत्र म्हणणाऱ्या विहारात राहायला गेलीस तर बाबासाहेबांनी दिलेल्या, हिंदू देवदेवता नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञांचं काय? मी तिथूनच सुरुवात करतो. गाडी कुठे बदलायची हे तुला कोणीही सांगेल.

काय काय दिसणार आहे ते आधी ऐकून ठेव. तिथला पंथ शिंगोन, म्हणजे जपानमधला मंत्रमार्गी बौद्ध पंथ. त्यात अग्नी आहे. आचार्य वेदीसमोर बसून समिधा, धान्य आणि तेल अर्पण करतात. ज्वाळा डोक्याच्या वर जातात, मोठा ढोल वाजत असतो आणि समोर तलवार व पाश धरलेला फुदो म्योओ, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला अचल. इंद्र आणि ब्रह्मा रक्षक देवता म्हणून उभे आहेत, सरस्वती आहे. काही विहारांत बंद देव्हाऱ्यात गजमुखी जोडमूर्ती असते. ती कोणालाच दाखवत नाहीत, पण तिला मुळा वाहतात. दीक्षाभूमीवर वाढलेल्या मुलीला हे पाहून धक्का बसला तर त्यात नवल नाही.

अग्नीचा अर्थ विचारलास तर सांगतील की जळतं ते अज्ञान, आणि जाळतं ते ज्ञान. हे खरं आहे. पण भाविक ज्या लाकडी पट्ट्यांवर इच्छा लिहून अग्नीत टाकायला देतात, त्यांवर परीक्षा, आजारपण, धंदा असंच असतं. टोकियोजवळच्या नारितासानला तर नव्या गाडीसाठीही प्रार्थना होते. म्हणजे तत्त्वज्ञान एका खोलीत आणि माणसांची गरज दुसरीत, असं तिथे नाही. दोन्ही एकाच चटईवर बसतात. तू त्यातलं सोयीचं तेवढं उचलून ‘हाच खरा शिंगोन’ म्हणू नकोस, आणि उरलेल्याला अंधश्रद्धा म्हणून निकालातही काढू नकोस. आधी पाहा. निदान पहिले काही आठवडे तरी.

प्रतिज्ञा तुझ्या आहेत, त्या तुझ्याकडेच राहतील. हात कुठे जोडायचे, कुठे नाही, हे जाण्याआधी ठरव आणि पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांग. तुझी श्रद्धा काय आहे याची चौकशी सहसा कोणी करणार नाही. मात्र विधी चालू असताना मधूनच उठून गेलीस तर ते सगळ्यांच्या लक्षात राहील. आणि याच्या उलट टोकाचा एक मोह आहे. सरस्वती आणि गजमुख पाहून आपल्याकडचे पर्यटक हरखून म्हणतात, ‘हे तर सगळं आपलंच!’ हे वाक्य तू तिथे कधीही उच्चारू नकोस. बाराशे वर्षं ज्यांनी थंडीत पहाटे उठून ते जपलं, त्यांचं ते आहे.

नातं नाहीच असंही नाही. आपले भदंत सुरई ससाई मूळचे जपानी, ते नागपूरला आले ते याच पंथाच्या ताकाओ डोंगरावरच्या विहारात दीक्षा घेऊन. आणि कोयासान विद्यापीठात 2015 पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. एखाद्या संध्याकाळी जाऊन ये, घरी फोटो पाठव, आईची निम्मी काळजी मिटेल.

आता गूढ. तू लिहितेस, ‘मला मूळ गुप्त शिकवण समजून घ्यायची आहे.’ तर कूकाईची एक हकिकत सांगतो. हाच शिंगोनचा संस्थापक, ज्याला तिथे सगळे कोबो दाइशी म्हणतात. 804 साली तो जहाजाने चीनला गेला, छांगआनमध्ये हुइग्वो या आचार्यांकडून त्याला काही महिन्यांत पूर्ण दीक्षा मिळाली, आणि 806 मध्ये तो परतला. 816 मध्ये त्याला कोयाचा डोंगर मिळाला. त्याच काळातला दुसरा मोठा भिक्षू साइचो, तेंदाई पंथाचा संस्थापक. वयाने आणि मानाने कूकाईपेक्षा मोठा, तरीही 812 मध्ये त्याने कूकाईकडून अभिषेक घेतला. तो कूकाईकडून ग्रंथ मागवून नकलून घेत असे. 813 मध्ये त्याने एका सूत्रावरचं भाष्य मागितलं, तेव्हा कूकाईने साफ नकार दिला. हे कागदावरून नव्हे, मनातून मनात जातं, असं त्याचं म्हणणं. पुढे दोघांचं फाटलं ते फाटलंच.

ज्या सूत्रावरचं ते भाष्य होतं, ते रिशुक्यो तू रोज पहाटेच्या पाठात ऐकणार आहेस. उघडपणे, सगळ्यांसमोर. जुन्या चिनी उच्चारांत म्हणतात, त्यामुळे शेजारी बसलेल्या जपानी आजींनाही ते बहुधा कळत नसतं. म्हणजे गुप्त म्हणावं असं काही कपाटात नाही. कायावाचामने करायची ती साधना आहे: हातांच्या मुद्रा, तोंडात मंत्र, मनात ध्यान, तिन्ही एकाच वेळी. आचार्य मुद्रा बाहीच्या आत करतात. त्या पाहायला मान वाकडी करू नकोस. ज्याला आचार्य व्हायचं आहे त्याला आधी सुमारे शंभर दिवसांची चार टप्प्यांची साधना करावी लागते, आणि मगच अभिषेक. तू त्या वाटेवर चाललेली नाहीस, निदान अजून तरी. तुझ्यासाठी आजिकान आहे: चंद्रबिंबात कमळ, कमळावर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतलं ‘अ’ अक्षर, त्यासमोर शांत बसणं. त्याला नवशिक्यांचं म्हणून कमी लेखू नकोस.

दिवस कसा जातो ते सांगतो, कारण शिकायचं बरंचसं तिथेच आहे. पहाटे पाठाच्या आधी तळहातावर चिमूटभर सुगंधी चूर्ण चोळतात. मग पाठ, मग झाडलोट. लाकडी ओसरी ओल्या फडक्याने ओणवं होऊन पुसायची, पानं गोळा करायची, पाहुण्यांच्या गाद्या उचलायच्या. डोंगरावरचे पन्नासेक विहार यात्रेकरूंना मुक्कामाला ठेवतात, त्यामुळे काम संपत नाही. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, सपाता घालून जायचं नाही, संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून बाहेर यायचं नाही. जेवण शाकाहारी, कांदा-लसूण नाही. तिळाचं मऊ गोमादोफू आणि कोयादोफू, म्हणजे वाळवून ठेवलेलं सोयाबीनचं पनीर, तुला आवडेल. तिखट घेऊन जा, पण खोलीतच ठेव.

माणसांविषयी. विहार म्हणजे फक्त भिक्षू अशी तुझी कल्पना असेल तर ती सोड. 1872 मध्ये सरकारने भिक्षूंना लग्नाची आणि मांसाहाराची मोकळीक दिली, आणि आज बहुतेक विहारप्रमुख संसारी आहेत. मुलगा वडिलांची गादी चालवतो. प्रमुखांची पत्नी फोन घेते, हिशेब ठेवते, कोणाच्या घरी कोणाचं वर्षश्राद्ध कधी आहे हे तिला तोंडपाठ असतं. तुझ्या राहण्याचं बरं-वाईट तिच्यावर अवलंबून आहे. तिला दीक्षेच्या पायऱ्या विचारू नकोस, भांडी कुठे ठेवायची ते विचार.

दुसरी माणसं म्हणजे दान्का, विहाराशी पिढ्यान्पिढ्या बांधलेली कुटुंबं. त्यांच्या थडग्यांची काळजी विहार घेतो आणि विहाराची काळजी ती कुटुंबं घेतात. एकोणपन्नासावा दिवस, पहिलं वर्ष, मग पुढची ठरलेली वर्षं, असे विधी चालतात. दक्षिणेचं पाकीट देतात. दर लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना माहीत असतो. थडग्यामागे उभ्या केलेल्या लांब फळ्यांवर सिद्धम् अक्षरं दिसतील: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. तरुण मुलं शहरात गेल्यामुळे गावोगावचे विहार ओस पडत आहेत. त्यामुळे कोणी म्हातारे गृहस्थ तुझ्याशी तासभर आपल्या घराण्याबद्दल बोलत बसले, तर ऐकून घे. विहार कशावर उभा आहे, ते तुला त्या तासात कळेल.

बाई म्हणून एक गोष्ट माहीत असू दे. या डोंगरावर बायकांना शतकानुशतकं प्रवेश नव्हता. त्या सीमेवरच्या न्योनिन्दो या वास्तूपर्यंत येत आणि तिथूनच प्रार्थना करत. बंदीही सरकारने 1872 मध्येच उठवली, प्रत्यक्षात ती सुटायला आणखी बराच काळ गेला. आज बायका दीक्षा घेतात, आचार्य होतात. ती वास्तू अजून उभी आहे. तिथे जा, आणि राग आला तर येऊ दे. तुझ्या यजमानांनाही हा इतिहास माहीत आहे, बोलायला ते कचरत नाहीत.

ओकुनोइनला, म्हणजे कूकाईच्या समाधीकडे, पहाटे जा. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना देवदारासारखे उंच सुगी वृक्ष आणि दोन लाखांवर थडगी. सरदारांची आणि सामान्यांचीही, मध्येच कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी उभारलेली स्मारकंसुद्धा. कूकाई 835 मध्ये वारला असं इतिहास सांगतो. डोंगर म्हणतो, तो ध्यानात बसला आहे. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्याच्यासाठी जेवण लाकडी पेटीतून वाहून नेतात. तुझी बुद्धी यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे, माझीही तेच म्हणते. पण त्या पेटीतलं जेवण कोणीतरी खरोखर रांधतं, रोज, बर्फातसुद्धा. तो स्वयंपाक करणाऱ्यांशी बोलायची संधी मिळाली तर सोडू नकोस. मला त्यांच्याविषयी ध्यानमुद्रांपेक्षा जास्त कुतूहल आहे.

दीक्षेबद्दल विचारलंस म्हणून: मे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सामान्यांसाठी एक अभिषेक असतो. डोळे बांधून मंडलावर फूल टाकायचं, ते पडेल त्या बुद्धाशी आपलं नातं जुळलं असं मानतात. त्याने आचार्यपद मिळत नाही, कोणतं बंधनही येत नाही. घ्यायचा की नाही हे तिथे राहिल्यावर ठरव, इथून नको.

डोंगर आठशे मीटर उंच आहे, त्यामुळे नोव्हेंबरपासून लोकरीचे मोजे लागतीलच. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, पुढे केबल कार, मग बस. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. संत्रा बर्फीचे दोन डबे घे, अंडं नसलेली. एक डबा आधी बुद्धासमोर ठेवतील आणि मग सगळे वाटून खातील. दुसरा सरळ प्रमुखांच्या पत्नीच्या हातात दे.

तुझा,
काका