निवडून दिलेला कामगार प्रतिनिधी मध्येच सोडून गेला, तर कंपनीला पुन्हा निवडणूक घ्यावी लागते का? (इंग्लंड)

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : गोदामातल्या साठेक जणांना कंपनी कामावरून कमी करणार आहे. बोलणी करायला चार प्रतिनिधी निवडून दिले, पाळीनुसार. रात्रपाळीवाल्याला दुसरी नोकरी मिळाली आणि तो गेला. आता एचआर म्हणतं, “त्याच्या खालोखाल मतं ज्याला पडली त्यालाच बसवू, पुन्हा निवडणूक कशाला?”

मी इथे बरीच वर्षं एचआरमध्येच आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. तरी सांगतो, असं परस्पर बसवता येत नाही.

इथल्या १९९२ च्या कामगार संघटना कायद्यात १८८-ए नावाचं कलम आहे. त्याचा पहिला भाग मूळ निवडणुकीचा आहे आणि तो सगळ्यांना पाठ असतो. दुसरा भाग एका वाक्याचा आहे, तुमचं उत्तर त्यात आहे, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. निवडून आलेला प्रतिनिधी काम करायचा थांबला आणि त्यामुळे काही कर्मचाऱ्यांना प्रतिनिधीच उरला नाही, तर त्या कर्मचाऱ्यांनी दुसरा प्रतिनिधी निवडायचा, तोही निवडणुकीनेच, असं ते वाक्य सांगतं.

म्हणून पहिला प्रश्न असा की तो गेल्यावर कुणी उघडं पडलं का? चौघे मिळून सगळ्या साठांचे प्रतिनिधी असते, तर उरलेले तिघे सगळ्यांच्या वतीने बोलले असते आणि पोटनिवडणुकीची सक्ती नसती. तुमच्याकडे मात्र रात्रपाळीची जागा वेगळी होती, म्हणजे रात्रपाळीला आज कुणीच नाही. मूळ निवडणुकीची नोटीस शोधून काढा. गट कसे पाडले होते ते तिच्यात असेल.

पोटनिवडणुकीला मूळ निवडणुकीचे सगळे नियम लागत नाहीत. जागा किती, गट कसे, मुदत किती हे आधीच ठरलेलं असतं. लागतात ते चार. निवडणूक न्याय्य होईल अशी व्यवस्था कंपनीने करायची. उमेदवार निवडणुकीच्या दिवशी या कपातीची झळ बसणाऱ्यांपैकीच हवा. कुणालाही सबळ कारणाशिवाय उभं राहण्यापासून अडवायचं नाही. आजारपणाच्या किंवा बाळंतपणाच्या रजेवर असलेल्यांनाही नाही. आणि मतदान शक्य तितकं गुप्त, मोजणी बिनचूक.

‘शक्य तितकं गुप्त’ यावर मी एका कंपनीत पाहिलेला प्रकार सांगतो. मतपेटी म्हणून कॅन्टीनमध्ये बुटांचा रिकामा खोका ठेवला होता, आणि शेजारी शिफ्ट मॅनेजर चहा पीत बसलेला. वर पेटी दुपारी चारला उचलली. रात्रपाळी यायची दहाला! कुणाच्या मनात खोट नव्हती, नुसता आळस होता. पण निवडणूक नियमाप्रमाणे झाली हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, आणि लवादापुढे, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयापुढे, बुटांच्या खोक्यावर काय बोलणार?

आता एचआरच्या बाजूचंही ऐका. हे काम त्यांना वाटतं तेवढं मोठं नाही. एका जागेला एकच अर्ज आला तर मतदानाची गरज नाही. जागा तेवढेच उमेदवार असतील तर मतपत्रिका छापायला नकोत, असं अपील लवादाने २०११ मध्ये एक्स्टेरा कम्युनिकेशन्सच्या खटल्यात सांगितलंय. तुमचा तो दुसऱ्या क्रमांकाचा गडी लोकांना चालत असेल, तर त्याने अर्ज भरावा, दुसरा कुणी आला नाही की तो निवडून आलाच. फक्त बाकीच्यांना उभं राहायची संधी मिळायला हवी. आणि बोलावूनही वाजवी वेळेत कुणीच निवडलं नाही, तर कंपनीने जी माहिती प्रतिनिधीला दिली असती ती प्रत्येकाच्या हातात द्यायची.

एक राहिलंच. तुमच्या गटासाठी कंपनीने मान्यता दिलेली युनियन असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. मग बोलणी युनियनशीच करावी लागतात. १९९५ पर्यंत तर इथे फक्त तेवढंच होतं : युनियन नसेल तर कुणाशीच बोलायला नको. १९९४ मध्ये युरोपियन न्यायालयाने ब्रिटनला त्यावरून चुकीचं ठरवलं, तेव्हा निवडून दिलेले प्रतिनिधी आले. त्यांची निवड कशी व्हायची हे नियम त्याहून उशिरा, १९९९ मध्ये आले.

भारतातल्या कार्य समित्या (कारखान्यातल्या मालक-कामगारांच्या संयुक्त समित्या) ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या औद्योगिक विवादांच्या १९५७ च्या केंद्रीय नियमांतही हेच होतं : कामगार प्रतिनिधी गेला तर त्याच गटातून, त्याच विभागातून निवडणुकीने दुसरा घ्यायचा, आणि त्याने दोन वर्षांतली उरलेली मुदत भरायची.

कंपनीने ऐकलं नाही तर? लवाद प्रत्येक बाधित कर्मचाऱ्याला पगाराच्या रूपात रक्कम देववू शकतो. तिची कमाल ९० दिवसांचा पगार होती, एप्रिल २०२६ पासून १८० दिवस. ही रक्कम तुमचं नुकसान किती झालं यावर ठरत नाही, कंपनीची चूक किती मोठी यावर ठरते. माणसं गुणिले सहा महिने हा हिशेब एचआरला समजतो, विश्वास ठेवा.

पण आज लगेच भांडायला जाऊ नका. आधी दोन ओळींचं ईमेल टाका : “रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना सध्या प्रतिनिधी नाही. कलम १८८-ए (२) प्रमाणे निवडणूक कधी घेताय, आणि तोपर्यंत आमच्या पाळीसंबंधीचे निर्णय थांबवताय का?” तारीख मागा. रात्रपाळीतल्या आणखी पाच-सहा जणांना त्यात सामील करा. मतदान रात्री बारा वाजताच्या ब्रेकमध्ये ठेवा, असंही सुचवा. नाहीतर तुमच्याकडेही पेटी चारलाच उचलतील.