रश्शात साखर?

प्रश्न : माझा मुलगा आणि सून बँकॉकला असतात. डिसेंबरात आम्ही दोघं जाऊन आलो. एके दिवशी सुनेनं गल्लीतल्या एका नूडल्सच्या दुकानात नेलं. स्टीलची टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं आणि ही गर्दी! वाडगा आला तर रस्सा पाण्यासारखा फिका. आपलं नागपूरचं तोंड! समोर तिखटाची बरणी होती, मी सरळ तीन चमचे घातले. सून म्हणाली, "आई, आधी चव तर बघा." शेजारची बाई मात्र त्याच रश्शात साखर कालवत होती. रश्शात साखर? आणि आचारी माझ्याकडे बघून राहिला होता, त्याला राग आला असेल का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : राग नाही हो ताई. तीन चमचे म्हटल्यावर काळजी वाटली असेल बिचाऱ्याला.

आपल्याकडे सकाळी पोह्याच्या गाडीवर काय होतं ते आठवा. तो पोह्यांची प्लेट हातात देतो आणि मग आपलं सुरू होतं : भाऊ, तर्री वाढव, कांदा टाक, लिंबू पीळ. तर्री जास्त मागितली म्हणून कुणी गाडीवाला रुसलेला मी पाहिला नाही. थाई नूडल्सवाल्याचंही तसंच. तो वाडगा मुद्दाम थोडा अलीकडे सोडतो, पुढचं काम खाणाऱ्याचं. त्यासाठीच टेबलावर चार बरण्यांचा संच असतो : साखर, भाजून कुटलेली लाल मिरची, मिरचीचे काप घातलेलं व्हिनेगर, आणि फिश सॉस, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं खारं पाणी. तिकडे त्याला 'नाम प्ला' म्हणतात. गोड, तिखट, आंबट, खारट. साखर तिथे गोडासाठी कमी आणि आंबट-खारटाची धार मोडायला जास्त. पुण्याच्या आमटीतल्या गुळाला आपण विदर्भातले लोक नावं ठेवतो, पण गूळ तिथे जे करतो तेच ही चमचाभर साखर करते. एकदा घालून बघा, मग बोलू.

सुनेचं मात्र बरोबर होतं. आधी दोन चमचे रस्सा नुसता प्यायचा. हाडं तासन्‌तास उकळून काढलेला असतो तो, फिका दिसतो पण पाणचट नसतो. मग एकेक बरणी, थोडं थोडं. हे शहाणपण मलाही अनुभवानंच आलं. यजमानांच्या नोकरीमुळे मी दोन वर्षं तिथे होते. पहिल्याच आठवड्यात ते मिरच्यांचं व्हिनेगर मी लोणच्याचा खार समजून अर्धी वाटी ओतलं. पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी. दुकानवाल्या बाईनं काही न बोलता वाडगा उचलला, रस्सा ओतून दिला, नवा घातला आणि वर जास्तीचे पैसेही घेतले नाहीत. नंतर मी त्याच दुकानाची कायमची गिऱ्हाईक झाले, हे सांगायला नको.

तुम्ही पुन्हा जाल तेव्हा नूडल्स रुंदीवरून मागा. तांदळाच्याच तीन जाडीच्या असतात : 'सेन मी' आपल्या शेवयांसारखी, 'सेन लेक' त्याहून रुंद चपटी आणि 'सेन याई' चांगली पट्टीसारखी. अंड्याची पिवळी ती 'बा मी'. रस्सा हवा तर 'नाम' म्हणायचं, कोरडं हवं तर 'हेंग'. तिखट नको असेल तर 'माय फेत'. तुम्हाला हा शब्द लागणार नाही असं वाटतंय, पण त्यांच्या छोट्या मिरचीशी आपल्या भिवापुरी मिरचीच्या जोरावर पंगा घेऊ नका. तिचं नावच 'फ्रिक खी नू', शब्दशः उंदराच्या लेंडीची मिरची. दिसते तेवढीशी, लागते भलतीच.

एक सावधगिरी. 'कुआय तिआओ रुआ' म्हणजे होडीतल्या नूडल्स. पूर्वी कालव्यांतून होडीत बसून विकायचे. होडीतून काठावर देताना सांडू नये म्हणून वाडगे अगदी लहान असत, ती रीत अजून आहे. बँकॉकच्या व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ लोक एकावर एक रिकाम्या वाडग्यांची उतरंड रचताना दिसतात. पण तो काळपट दाट रस्सा डुकराच्या किंवा बैलाच्या रक्तानं दाटवलेला असतो. ज्याला चालतं त्यानं जरूर खावा, मला चव आवडली. तुम्ही मात्र विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मुंबई-पुण्याच्या थाई हॉटेलात 'व्हेज पॅड थाई', म्हणजे त्या परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, मागवलं तर निश्चिंत खावं का?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : निश्चिंत नको. चिकन-कोळंबी काढली की 'व्हेज' झालं असं बऱ्याच ठिकाणी समजतात. पॅड थाईच्या आंबटगोड सॉसमध्ये चिंच आणि ताडगुळाबरोबर फिश सॉस असतोच, वर सुकट पडते, अंडंही. म्हणून "मांस आहे का?" असं विचारू नका. "फिश सॉस, ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी, अंडं घालता का?" असं एकेक नाव घेऊन विचारा. सॉस आधीच करून ठेवलेला असेल तर तुमच्यासाठी तो वेगळा निघत नाही, तेव्हा दुसरं काही मागवा.

थायलंडमध्येच गेलात तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं शोधा. ते 'जे' जेवण. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाची आठवण येते की नाही? चिनी पंचांगाच्या नवव्या चांद्रमासात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ दिवस हे झेंडे जागोजागी दिसतात. तेव्हा गेलात तर तुमची चंगळ.

प्रश्न : थाई नूडल्स घरी केल्या की हॉटेलसारखी चव येत नाही. काय चुकतं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बहुतेक दोन गोष्टी. तांदळाच्या सुक्या नूडल्स उकळू नका, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि उरलेलं कढईत होऊ द्या, नाहीतर गोळाभात होतो. आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मुळं फेकू नका. थाई स्वयंपाकात लसूण, पांढरी मिरी आणि सांबाराची मुळं खलबत्त्यात कुटतात, अर्धा वास तिथेच असतो. मुळं माती जाईपर्यंत धुवा. कॉटन मार्केटात भाजीवालीला सांगा, "बाई, मुळं तोडू नको." ती आधी तुमच्याकडे विचित्र बघेल, मग दुसऱ्या गिऱ्हाइकांची तोडलेली मुळंही फुकटात देईल. माझी देते.