घरच्या लोण्यात मध घातल्यावर पाणी का सुटतं?

पाणी तुमच्या लोण्यात आधीपासूनच होतं. मधामुळे ते बाहेर आलं, एवढंच.

तुम्ही लिहिलंय की घरच्या सायीचं लोणी काढलं, मुलांना ब्रेडला लावायला म्हणून त्यात मध घालून मिक्सरमधून फिरवलं, तर लोणी दाणेदार झालं आणि तळाला पाणी साठलं. मधाऐवजी गूळ किंवा साखर चालेल का आणि हे किती दिवस टिकेल, हेही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय, ‘सासूबाई म्हणाल्या, लोण्यात गोड कालवायचंच नसतं.’ ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी २००६ पासून ऐकते आहे.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, भोगावतीच्या काठचं. चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळीनंतर ते सुरू झालं की शाळा सुटल्यावर आमची पावलं आपोआप तिकडे वळायची. चुलवाणात चिपाडं सरकवली जायची, काहिलीत रस उकळायचा, त्यात भेंडीचं चिकट पाणी पडलं की काळपट मळी वर यायची आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकायचा. रस १०५-१०६ अंशांवर उतरवला की काकवी, तसाच आटवत ११८ च्या आसपास नेला की गूळ. हे आकडे मी फार नंतर वाचले. गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांत धरून बघायचा आणि त्याचं कधी चुकायचं नाही.

वडील किटली भरून काकवी आणायचे. घरातले बाकी सगळे ताटात लोण्याचा गोळा घेऊन त्याला बोटानं खळगा पाडायचे आणि त्यात काकवी ओतायचे. आज्जीची तऱ्हा वेगळी होती. ती वाटीत लोणी घेऊन त्यात काकवी थेंबाथेंबानं सोडत लाकडी चमच्यानं फेटायची. शेवटी चिमूटभर सुंठ. खव्याच्या रंगाचं, गुळगुळीत लोणी व्हायचं. गरम भाकरीवर लावलं की पापुद्र्यात मुरायचं, काकवी ताटभर ओघळायची नाही. तेव्हा लोण्यात गोड कालवतात, आमच्या घरी कालवत होते, आणि त्यात चुकीचं काही नाही.

लग्न होऊन पुण्यात आले. पहिल्याच गोकुळाष्टमीला ठरवलं की नैवेद्याचं साधं लोणी बाजूला काढून उरलेल्याचं आज्जीसारखं काकवीचं लोणी करायचं. आठ दिवस साय साठवली. सासरी रवी नव्हती, म्हणून मिक्सरमध्ये लोणी काढलं. आईनं पाठवलेली काकवीची बाटली फ्रिजमध्ये होती. घरात चौदा माणसं, पानं मांडायची घाई. मी लोण्यात अर्धी वाटी गार काकवी एकदम ओतली आणि मिक्सर पुन्हा सुरू केला. झाकण काढलं तर फाटलेल्या दुधासारखे दाणे आणि तळाला तपकिरी पाणी.

मोठ्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी भांडं हातात घेतलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाल्या, “अगं, लोण्यात गोड कालवतं का कुणी? साखर वरून घ्यायची असते.” मग ते सगळं कढईत ओतून तूप कढवायला ठेवलं. काकवी तळाला बसली आणि करपली. तुपाला जळका वास, कढई काळी. ती कढई मीच घासली. नवी होते, काही बोलले नाही. पण पुढे दरवर्षी अष्टमी आली की तो किस्सा निघायचा आणि लोणी काढायचं काम माझ्याकडे यायचं नाही. ज्या घरात रोज लोणी निघायचं तिथली मी मुलगी. मला ते फार लागलं होतं.

२०२० मध्ये सगळे घरात अडकलेले असताना मी हे नीट करून बघितलं. एकाच लोण्याच्या तीन वाट्या केल्या. पहिलीत फ्रिजमधली काकवी एकदम, दुसरीत तीच फ्रिजमधली पण थोडी थोडी, तिसरीत बाहेर ठेवलेली काकवी थोडी थोडी. पहिली तिथल्या तिथे फुटली. दुसरी अर्धवट जमली, मध्ये मध्ये गुठळ्या. तिसरी अगदी आज्जीच्या वाटीसारखी. मग चौथी वाटी केली, नीट न धुतलेल्या लोण्याची. ती बाहेरच्या काकवीनंही फुटली.

कारण साधं आहे. सायीत पाण्यामध्ये स्निग्धाचे थेंब असतात. घुसळलं की उलटं होतं, स्निग्धामध्ये पाण्याचे बारीक थेंब अडकून राहतात. ते किती राहू द्यायचे याला मर्यादा आहे. ब्रेडला लावायच्या विकतच्या बटरला नियमच आहे, स्निग्धांश किमान ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. घरचं घाईत काढलेलं, न दाबलेलं लोणी सहज त्याच्या पुढे जातं. ते आधीच पाण्यानं भरलेलं, त्यात आपण मध नाहीतर काकवी घालतो, म्हणजे पुन्हा पाणीच. मधात पाणी कमी असतं म्हणून तो लवकर मिसळतो, काकवीत बरंच जास्त असतं म्हणून ती त्रास देते. त्यात ती गार असली की तिच्या भोवतीचं लोणी आखडतं, दाणे होतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. तुमच्याकडे आणखी एक झालं असणार. मिक्सरचं पातं लोणी तापवतं. जरा जास्त फिरवलं की एकीकडे तूप सुटायला लागतं, दुसरीकडे पाणी.

म्हणून सगळा जीव धुण्यात आणि दाबण्यात आहे. विरजलेल्या सायीचं लोणी गोळा झालं की ताक गाळून घ्या आणि गार पाण्यानं धुवा. पहिलं पाणी पांढरं येईल, दुसरं गढूळ, चौथ्या-पाचव्यांदा नितळ. नितळ येईपर्यंत थांबायचं नाही. ताक आत राहिलं तर लोण्याला दोन दिवसांत वास येतो आणि मग लोक म्हणतात, घरचं लोणी टिकत नाही. धुतल्यावर परात तिरकी धरून लाकडी चमच्यानं लोणी दाबत राहा. थेंब निघतात, ओघळतात. आणखी दाबा, आणखी निघतात. मी दहा मिनिटं दाबते. कंटाळवाणं आहे, पण याच दहा मिनिटांत पुढचं सगळं ठरतं.

मग लोणी आणि मध दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून सारखं गार-गरम होऊ द्या. लोण्यात बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण बोटाला तेलकट ओल लागू नये. उन्हाळ्यात वाटी गार पाण्याच्या परातीत ठेवा. १०० ग्रॅम लोण्याला मध ३० ग्रॅम, काकवी असेल तर २० ते २५ ग्रॅमच्या वर नको. आधी नुसतं लोणी हातानं फेटून हलकं करा, मग अर्धा अर्धा चमचा घालत जा. पहिला पूर्ण जिरला की दुसरा. मिक्सर नको. मधाबरोबर वेलदोडा, काकवीबरोबर सुंठ किंवा जायफळ, आणि दोन्हीत मिठाचे चार कण. सगळं एकत्र घालू नका, लोण्याची स्वतःची चव मरते. विरजलेल्या सायीच्या लोण्याला बारीकशी आंबूस चव असते, गोडाखाली तीच खुलते. म्हणून मला गोड्या क्रीमचं लोणी या कामाला आवडत नाही.

साखरेचं विचाराल तर साखर स्निग्धात विरघळत नाही, लोण्यातल्या पाण्यातच विरघळते. दाणेदार साखर घातली तर पहिल्या दिवशी कचकच लागते, दुसऱ्या दिवशी ती पाणी ओढून घेते आणि वर पाकाचे थेंब दिसतात. पिठीसाखर बरी, पण मधाची चव तिला नाही. गूळ किसून घातला तर खडे राहतात. मुलांना चालत असतील तर खुशाल घाला. नाहीतर चमचाभर पाण्यात गूळ विरघळवून, दाट करून, गार करून घाला, म्हणजे घरची काकवीच झाली.

हे सगळं जमल्यावर मी एक डबा वहिनींकडे पाठवला. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. आठ दिवसांनी डबा धुऊन परत आला, आत थोडे शेंगदाण्याचे लाडू. पुतणी म्हणाली, “काकू, आईनं थालीपिठाबरोबर सगळं संपवलं, आम्हाला चमचाभर दिलं.” त्या विषयावर वहिनी अजून एक शब्द बोललेल्या नाहीत. नैवेद्याला मात्र लोणी साधंच ठेवायचं आणि खडीसाखर वरून द्यायची, हे त्यांचं मला मान्य आहे, मीही तसंच करते. पण खायच्या लोण्याला हा नियम लावायचं कारण नाही. तुमच्या सासूबाईंनाही सांगा, लोणी फुटलं ते गोडामुळे नाही, न दाबलेल्या पाण्यामुळे. अर्थात त्यांनी तुमच्यासमोर कढई चढवली नसेल तर जरा हळू सांगा.

टिकण्याचं म्हणाल तर नीट धुतलेलं बिनमिठाचं लोणी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस मी वापरते. गोड घातलेलं दोन-तीन दिवसांपुरतंच करा. जास्तीचं लोणी साधंच फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा काढून फेटा. बाजारच्या मिठाच्या बटरमध्येही मध घालता येतो, छान लागतो, फक्त वरून मीठ घालू नका. आणि हे आधीच लिहायला हवं होतं, घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या तोंडाला मधाचं लोणी बोटभरही लावू नका. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्या मुलांना चालतं.

पुढच्या वेळी धुताना कितव्यांदा पाणी नितळ आलं आणि मध घातल्यावर तळाला काही साठलं का, तेवढं मला नक्की कळवा. शक्य झालं तर फोटो पाठवा. वहिनींना दाखवायचाय.