खुब्याचा सांधा बदलल्यावर चालणं आणि व्यायाम कधी सुरू करावा?

चालणं बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून सुरू होतं. घरी आल्यावर एकदम लांब जाण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं चाला. काठीवर आलात की ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात धरा. बरेच जण नेमकं उलट करतात! जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. लंगडणं जाईपर्यंत काठी सोडायची घाई नको, त्यात लाज कसली? पायावर पाय टाकून बसणं, खूप खाली वाकणं सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. जागेवरची सायकल साधारण 6 आठवड्यांनी, तीही फिजिओथेरपिस्टला विचारून. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.