कलादालनाला कुलूप का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उन्हाळी सुट्टी लागली की विद्यापीठांच्या कलादालनांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बऱ्याच जणांनी सूचनाफलकावरचा मजकूरच लिहून पाठवला आहे: सुट्टीभर दालन बंद, नवीन सत्रापासून कायमची मांडणी बदलणार, दिवे नवे, आणि एक अभ्यासकक्ष सुरू होणार. अशाच एका संग्रहात चित्रांची नोंद, ने-आण आणि देखभाल हे माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून उत्तरं देते.

प्रश्न : ताई, वर्षभर प्रात्यक्षिकांमुळे दालनात जायला सवड होत नाही, आणि सवड मिळते तेव्हा दाराला कुलूप. हे उलटं नाही का? – मुद्राचित्रणाची विद्यार्थिनी

उत्तर : तुझी तक्रार रास्त आहे. दालनाने निदान एक खोली उघडी ठेवावी असं माझंही मत आहे, आणि तसं तू लेखी कळव. पण बाकीची दालनं बंद का लागतात ते सांगते.

भिंतीवरचं प्रत्येक चित्र सुट्टीत खाली उतरतं. पाठीमागची चौकट, खिळे, दोऱ्या, कागदाचा पुठ्ठा सगळं तपासलं जातं. मग टॉर्च बाजूने आडवी धरून पृष्ठभाग बघायचा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या चित्रात रंगाचा पापुद्रा कुठे सुटलाय, कॅनव्हास कुठे सैल झालाय, ते त्या आडव्या उजेडातच कळतं. प्रत्येकाचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या स्थितीची नोंद, लिहायची, फोटो काढायचे, मागच्या वेळच्या फोटोंशी ताडून बघायचे. वर्ग चालू असताना, लोक येत-जात असताना हे होत नाही.

दुसरं काम किड्यांचं. कसर, वाळवी, लोकर आणि लाकूड खाणारे भुंगे यांच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे ठेवलेले असतात. उन्हाळ्याच्या उबेत किडे भराभर वाढतात, म्हणून या दिवसांत सापळे जास्त वेळा बघावे लागतात. कापडाच्या एखाद्या वस्तूत कीड सापडलीच, तर ती वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे ३० अंशांत तीनेक दिवस किंवा उणे २० अंशांत आठवडाभराहून अधिक ठेवतात. औषध फवारण्यापेक्षा हे वस्तूला आणि माणसालाही बरं. मात्र लाकडी फळीवर रंगवलेल्या चित्राला ही थंडी चालत नाही.

आणि तिसरं म्हणजे भिंतींचा रंग. ताजा रंग आणि नवं लाकूड बराच काळ आम्लयुक्त वाफा सोडत राहतं. त्या वाफांनी शिशाची वस्तू पांढरी पडून झिजू शकते. त्यामुळे रंगकाम झालं तरी दालन काही आठवडे रिकामं ठेवून हवा खेळू द्यावी लागते. ‘काम संपलेलं दिसतंय, मग उघडत का नाहीत?’ असं तू पत्रात पुढे विचारलंयस, त्याचं हे एक कारण असू शकतं.

प्रश्न : एका नदीचं जुनं जलरंगचित्र नव्या मांडणीत नसेल असं कळलं. शिकवत होतो तेव्हा प्रत्येक तुकडीला मी त्या चित्रासमोर उभं करत असे. चौकशी केली तर ‘काही वर्षं ते कोठारात राहील’ एवढंच सांगितलं. चांगलं चित्र दडवून ठेवण्यात काय अर्थ? – निवृत्त प्राध्यापक

उत्तर : सर, कारण प्रकाश आहे. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. चित्र अंधारात ठेवलं म्हणून ते सुधारत नाही, पुढची झीज तेवढी थांबते. म्हणून जलरंग, हस्तलिखितं, जुनी छायाचित्रं आणि रंगीत कापड यांना सहसा ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश देत नाहीत. उघड्यावरचं कडक ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं, त्यावरून ५० म्हणजे किती मंद ते लक्षात येईल.

मंद प्रकाशही साठत जातो. ५० लक्समध्ये रोज आठ तास म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. अतिशय नाजूक रंगांना वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा प्रचलित आहे. हा कोटा सदतीस-अडतीस दिवसांत संपतो. तीन महिन्यांचं एक प्रदर्शन म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाचा प्रकाश एकदम खर्च झाला. तुमचं चित्र अनेक वर्षं सलग भिंतीवर होतं, तर त्याने पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचाही बराच प्रकाश घेतलाय.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीने हा हिशेब फार जुन्या काळापासून पाळलाय. हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार १९०० मध्ये टर्नर या इंग्रज चित्रकाराची ३८ जलरंगचित्रं तिथे आली, अट अशी: ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण त्या महिन्यात उजेड सर्वांत कमी. म्हणूनच शंभरावर वर्षांनंतरही ते रंग इतके ताजे आहेत.

आणि उलट बाजूचं उदाहरण एका विद्यापीठातलंच आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांनी हार्वर्डसाठी मोठी भित्तिचित्रं केली. १९६४ मध्ये त्यांतली पाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहात लागली. मोठमोठ्या खिडक्या, भरपूर ऊन, आणि किरमिजी छटेत वापरलेला लिथॉल रेड हा प्रकाशाला अजिबात न टिकणारा रंग. काही वर्षांतच किरमिजी जाऊन फिकट निळसरपणा आला आणि १९७९ पर्यंत चित्रं कोठारात गेली. वर नवा रंग चढवणं कुणालाच मान्य नव्हतं. २०१४ मध्ये तिथे वेगळा उपाय केला गेला: मूळ रंगांचा अंदाज संगणकावर बांधायचा आणि जिथे जेवढा रंग कमी पडतो तिथे तेवढाच रंगीत प्रकाश प्रोजेक्टरने पाडायचा. दुपारी उशिरा तो प्रकाश बंद करत, आणि खरी, विटलेली चित्रं समोर येत. मला या उपायाबद्दल मनापासून आदर आहे. पण सर, खिडकीला पडदा असता तर यातलं काहीच लागलं नसतं.

तेव्हा चित्र कोठारात जाण्याला विरोध करू नका. मागणी दुसरी करा: सत्रातून एकदा, तासाभरासाठी, ते चित्र अभ्यासकक्षाच्या टेबलावर तुमच्या विभागाच्या तुकडीसमोर ठेवावं. तासाभराचे ५० लक्स-तास कुठलंही चित्र सोसतं. शिवाय भिंतीवर काचेआडून बघण्यापेक्षा टेबलावर हातभर अंतरावरून मुलांना कागदाचा पोत दिसेल, रंगाच्या ओघळाची कड दिसेल.

प्रश्न : आमच्या वडिलांची चित्रं आम्ही विद्यापीठाला दिली. नव्या मांडणीच्या यादीत एकही नाही. आता ती विकतील का? – दोघी बहिणी

उत्तर : मांडणीत नसणं आणि संग्रहातून काढणं यांत मोठं अंतर आहे. बहुतेक दालनांत एका वेळी संग्रहाचा लहानसा भागच भिंतीवर असतो. भीती मात्र निराधार म्हणणार नाही. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने पैशांच्या अडचणीमुळे आपलं रोझ कलासंग्रहालय बंद करून चित्रं विकायचं ठरवलं होतं. विद्यार्थी, कलावंत आणि देणगीदार उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेलं, २०११ मध्ये समझोता झाला आणि संग्रहालय आजही चालू आहे. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची आचारसंहिताही सांगते की विक्रीचा पैसा संग्रहासाठीच वापरावा, पगार-दुरुस्त्यांसाठी नाही.

तुम्ही दानपत्र काढून वाचा. चित्रं विनाअट दिली की काही अटी घातल्या, हे त्यात असेल. जॉन ट्रंबुल या चित्रकाराने येल विद्यापीठाला स्वतःची शंभराहून अधिक चित्रं दिली तेव्हा बदल्यात वार्षिक तनखा ठरवून घेतला होता. १८३२ मध्ये त्यातूनच येलचं कलादालन उभं राहिलं. दानात अट घालण्यात गैर काही नाही, फक्त ती कागदावर हवी. मग दालनाला पत्र लिहून तीन गोष्टी विचारा: प्रत्येक चित्राचा नोंदणी क्रमांक, ते आत्ता कुठे आहे, आणि शेवटचा कंडिशन रिपोर्ट कधीचा. नीट चालणारं दालन याची उत्तरं देतं. नुसतं ‘सुरक्षित आहे’ असं आलं तर पुन्हा लिहा.

प्रश्न : नव्या एलईडी दिव्यांत चित्रांचे रंग बदललेले दिसतील का?

उत्तर : थोडे दिसतील, कारण जुने दिवे पिवळसर होते. चांगल्या एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत आणि चित्रावर उष्णताही कमी पडते, त्यामुळे बदल स्वागतार्हच आहे. रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर आहे ना, एवढं विचारा.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकतो, चित्रकलेचं काही कळत नाही. अभ्यासकक्षात मला कोणी उभं करेल का?

उत्तर : करायलाच हवं. विद्यापीठाचा संग्रह सगळ्या विभागांचा असतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडलं तेव्हा त्याच इमारतीच्या तळघरात रसायनशाळा होती. आज तिथल्या चित्रकक्षात आधी वेळ ठरवून गेलं तर राफाएल आणि मायकेलअँजेलो यांची मूळ रेखाटनंसुद्धा समोर आणून ठेवतात. वर लिहिलेली लिथॉल रेडची गोष्टही तुझ्याच विषयातली आहे.

सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात वेळ माग. काय बघायचंय ते ठाऊक नसेल तर ‘रंग उडालेलं एखादं चित्र आणि त्याच काळातलं अंधारात राहिलेलं एखादं’ अशी जोडी माग. जाताना पेन नको, पेन्सिल ने. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर. कागदाला मोजे बहुधा लागत नाहीत, बोटांना कड नीट जाणवत नाही म्हणून ते उलट धोक्याचे ठरतात. छायाचित्रं आणि धातूच्या वस्तूंना मात्र नायट्राइलचे (रबरासारखे पातळ) मोजे लागतात, ते तिथे देतील. आणि चित्र उलटून मागची बाजू दाखवा, असं नक्की सांग.